‘वणवा लागला’ म्हणतो आपण

रात्री नऊ-साडेनऊचा सुमार. जेवणं आटोपली होती. मामी खरकटी भांडी घेऊन मागच्या दाराने निघाली आणि उंबऱ्यातच थबकली. “लागला गं बाई,” एवढंच म्हणाली. आम्ही सगळे उठून अंगणात आलो. समोरच्या डोंगराच्या कमरेला एक लालसर रेघ दिसत होती, मधे मधे तुटलेली, एका टोकाला जरा जाड. आवाज काही ऐकू येत नव्हता, अंधारात धूरही दिसत नव्हता. नुसती रेघ, आणि बघता बघता ती वर सरकत होती.

काही वर्षांपूर्वीची, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली ही गोष्ट. माझं आजोळ तोरण्याच्या पश्चिमेला, वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला आहे. आणखी पुढे गेलं की मढे घाटाशी सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसायला लागतं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण जे सांगायचं आहे ते त्या एकट्या गावाचं नाही. भोर, मुळशी, पाटण, जावळी, कुठेही जा, उन्हाळ्यातल्या रात्री हीच रेघ दिसते.

लहानपणी मला ती फार आवडायची. सुट्टीत आजोळी आलो की आम्ही मुलं अंगणात गोधड्या टाकून झोपायचो. डोंगरावर कुणीतरी पणत्या मांडल्यात असं वाटायचं. बघत बघत डोळा लागायचा. सकाळी डोंगराला काळा पट्टा आलेला असायचा आणि अंगणात, वाळत घातलेल्या कुरडयांवर, जळक्या गवताच्या बारीक काळ्या काड्या येऊन पडलेल्या असायच्या. आजी त्या फुंकरून उडवायची. त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. वणवा लागला होता, विझला.

आता या शब्दाशीच मी अडते. आपल्याकडे भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, तसाच वणवाही लागतो. पेटतो, भडकतो, पसरतो. सगळं त्याचं तोच करतो. वाक्यात करणारा कुठे नसतोच. सह्याद्रीतले बहुतेक सगळे वणवे माणसाच्या हातून पेटतात, हे वन खात्यातल्या माणसांना ठाऊक आहे आणि आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही. तरी बोलताना तो ‘लागतो’. मीही परवापरवापर्यंत तसंच म्हणत होते, आणि मला तर तसं म्हणायचा काहीच अधिकार नाही. ते का, ते पुढे येईलच.

‘वैशाख वणवा’ हा शब्द आपण उन्हासाठी वापरतो. डोंगरातला खरा वणवा मात्र वैशाखाची वाट बघत नाही. वन खात्याच्या हिशेबात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात, म्हणजे माघ-फाल्गुनातच सुरुवात झालेली असते. त्याची तयारी तर आणखी आधीची. दिवाळीत उतारावर कमरेएवढं हिरवं गवत डुलत असतं. मार्गशीर्षात ते पिवळं पडतं, पौषात चालताना कुसळं पायजम्यात घुसायला लागतात, आणि शिमग्याच्या आसपास हातात घेतलं की कडकन मोडतं. त्यात सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी. फुलून बी धरलं की ती मरते, आणि तिच्या वाळलेल्या काठ्यांची रानं उभीच्या उभी राहतात. आता भरीला रानमोडी आहे. ही बाहेरून आलेली वनस्पती पडीक उतार आणि रस्त्याच्या कडा भरून टाकते आणि वाळली की रॉकेल ओतल्यासारखी पेटते.

हवामान खात्याच्या निकषात उष्णतेची लाट ठरवायला मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश असावं लागतं. आमच्या डोंगरात एप्रिलची दुपार पस्तिशी सहज ओलांडते. काळा कातळ दिवसभर तापतो आणि रात्री आठ वाजताही त्यावर बसवत नाही. २०२२चा मार्च तर १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. त्या महिन्यात विहिरीवर पाण्याला गेलेल्या बायका बारा वाजायच्या आत घरात येऊन दार लावून बसायच्या. पण कितीही ऊन तापलं तरी गवत आपण होऊन पेटत नाही. ऊन नुसतं तयारी करून ठेवतं. काडी लागतेच.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जाडजूड ओंडका वाळायला कित्येक आठवडे घेतो, पण गवताची पात इतकी पातळ असते की हवेतला ओलावा ती तासाभरात घेते आणि तासाभरात सोडते. पहाटे दवाने नरम असलेलं गवत अकरा वाजता पेटायला तयार असतं. काल संध्याकाळी सर आली म्हणून आज निर्धास्त राहावं, असं नाही. दोन तास ऊन पडलं की पुन्हा तेच.

तर त्या रात्री काही करता येण्यासारखं नव्हतं. अंधारात कड्याच्या बाजूला जाणं म्हणजे जिवाशी खेळ. मामांनी वनरक्षकाला फोन लावला. तो दुसऱ्या डोंगरावर, दुसऱ्या वणव्यापाशी होता. पहाटे आम्ही सहा जण निघालो. दोन कोयते, पाण्याच्या बाटल्या, डोक्याला ओले पंचे. वाटेत अंजनीच्या हिरव्या डहाळ्या तोडून घेतल्या. अंजनीचं पान जाड आणि चिवट, लवकर होरपळत नाही. वर वनरक्षक आणि त्याचे दोन वनमजूर भेटले. रात्रभर जागलेले, डोळे लाल, पाठीवर ब्लोअरचं यंत्र.

वणव्याजवळ पहिल्यांदा जाणाऱ्याला धग अपेक्षित असते. मला आवाज अपेक्षित नव्हता. गवत जळताना सरसरतं, कोरड्या पाचोळ्यावरून कुणी पळत सुटावं तसं. कारवीच्या काठ्या फटाफट फुटतात. आणि आगीच्या पुढे पुढे टोळ, नाकतोडे, सरडे नुसते उसळत असतात. वर कोतवाल आणि घारी घिरट्या घालतात, झेपावतात, उचलतात. त्यांचं जेवण चाललेलं असतं.

“जाळाच्या डोक्यावर कधी हुभं ऱ्हायाचं न्हाय,” मामा म्हणाले. “खालनं नायतर बगलंनं मारायचं. आन् भ्यालीस तर पुढं पळू नगंस. जळून गेलंय त्यात शिर. तिथं दुसऱ्यांदा काय जळणार?”

मामा कधी कुठल्या प्रशिक्षणाला गेले नाहीत, पण हे सांगणं अगदी शास्त्रातलं आहे. चढावर आग खालून वर जाताना वरचं गवत आधीच भाजून ठेवते. दर दहा अंश चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. माणूस चढावर दमतो आणि आग चढावर धावते. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी वाळल्या गवताच्या उतारावर ट्रेकिंगला गेलेली माणसं अशीच सापडली. वीसहून अधिक जीव गेले. आपल्या गडकोटांवर मार्च-एप्रिलात रात्रीचे ट्रेक काढणाऱ्या मुलांनी ही तारीख लक्षात ठेवावी असं मला कळकळीने वाटतं.

डहाळी आपटून आपटून खांदे भरून आले. आपटायचीही रीत असते. जोरात वर उचललीस तर ठिणग्या उडून मागे पडतात. दाबून, ओढून, जाळ जळलेल्या बाजूला लोटायचा. तासाभरात माझ्या तोंडात राखेची कडू चव भरली होती. एका ठिकाणी जळती कारवीची मोळी गडगडत खाली गेली आणि आम्ही विझवून आलेल्या भागाच्या खाली नवीन धूर निघाला. पुन्हा खाली. दुपारी एकपर्यंत तीन बाजू आटोक्यात आल्या. चौथी कड्याकडे होती, तिथे नुसतं बघत बसायचं.

तिथे सावलीत बसलो असताना मामांनी विषय काढला. “तुला आठवतंय? आबांनी वरला माळ जाळला हुता. तू हुतीस संगं.”

मला आठवत होतं. मी दहा वर्षांची होते. शिमग्याला आलो होतो. आबा, म्हणजे आईचे वडील, संध्याकाळी म्हणाले, “बाय, चुलीवरली काडेपेटी घे आन् चल.” मोठं काम सांगितलं म्हणून मी उड्या मारत गेले. काडेपेटी फ्रॉकच्या खिशात, वर एक हात दाबून धरलेला, वाटेत पडू नये म्हणून. माळावर आबांनी मूठभर गवत पिळून त्याचा काकडा केला, माझ्या हातून काडी घेतली. म्हशींसाठी कोवळी फूट यावी, एवढाच त्यांचा हेतू. वारा उठला आणि आग बांध ओलांडून करवंदीच्या जाळ्यांत शिरली. दोन दिवस धुमसत होती. तिसऱ्या दिवशी मी आणि मामेभाऊ काळ्या माळावर हिंडायला गेलो, तर एका खळग्यात तित्तराची अंडी होती. काळी नव्हती पडली. नुसती तडकलेली, एका बाजूने पिवळट, उकडलेल्या अंड्यासारखी. मी एक हातात घेऊन पाहिलं. अजून कोमट होतं, की उन्हाने तापलं होतं, सांगता येत नाही. घरी मी हे कुणालाच सांगितलं नाही.

आबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी आयुष्यात विनाकारण फांदी तोडली नाही. जाळलं की गवत चांगलं येतं, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं, आणि डोळ्यांना दिसतं तेवढ्यापुरतं ते खोटंही नाही. बुडख्यात जीव असलेलं गवत जळल्यावर पंधरा-वीस दिवसांत हिरवं फुटतं आणि गुरं त्यावर तुटून पडतात. दिसत नाही ते पुढचं. दरवर्षी जाळलेल्या माळावर गुरांच्या आवडीचं गवत हटत जातं आणि राठ, कुसळी उरतं. जांभूळ-हिरड्याची वीतभर रोपं एकदा जळली की संपली. ऐनासारखी जाड सालीची झाडं तेवढी तगतात, आणि तीस वर्षांनी आपण म्हणतो, या डोंगरावर पूर्वी केवढं रान होतं.

कारणं पुष्कळ आहेत. कुणी वाट मोकळी करायला जाळतं, कुणी सशा-डुकराच्या मागे, कुणी मधाच्या पोळ्याखालची मशाल तशीच टाकून जातं. घाटरस्त्यावरून विडीचं थोटूक येतं. गडावर तीन दगडांची चूल मांडून मॅगी करणारे निखाऱ्यांवर बाटलीभर पाणीही ओतत नाहीत. आणि जमिनीच्या व्यवहारासाठी रान मुद्दाम संपवणारेही आहेत. त्यांची दया मला येत नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे, पण रात्री डोंगरात काडी टाकून गेलेला माणूस सापडणार कसा?

इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. राब म्हणजे वणवा नव्हे. शहरातून येणारे पुष्कळ लोक दोन्ही एकाच मापाने मोजतात. भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, कवळ, गवत असे थर रचून वर माती टाकतात आणि वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवतात, म्हणजे ते धावत नाही, सावकाश धुमसतं. मामी राब भाजायच्या आधी चारही बाजूंनी हातभर जागा झाडून काढते, घागर भरून ठेवते आणि विझेपर्यंत हलत नाही. ज्या घरात आगीशी इतक्या अदबीने वागतात, त्याच घरातून माळ जाळायला काडेपेटी निघाली होती. मला त्याचाच जास्त त्रास होतो.

दुपारी तीननंतर हवा पडली. पान हलेना. घाटाच्या अंगाला ढगांचे ढिगारे वर चढायला लागले आणि साडेतीनच्या सुमारास त्यांचे माथे पसरून ऐरणीसारखे सपाट झाले. गडगडाट सुरू झाला. आम्ही हरखलो. वळीव आला की सुटलो.

विजेनेच वणवे लागतात असं पुष्कळांना वाटतं. जगात तसं होतंही. माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात राहते. ऑगस्ट २०२० मध्ये तिथे कोरड्या वादळांत काही दिवसांत हजारो विजा पडल्या, पाऊस जवळपास नाहीच, आणि शेकडो ठिकाणी डोंगर पेटले. सप्टेंबरात तिने भर सकाळी नारिंगी पडलेल्या आकाशाचा फोटो पाठवला होता. खोलीत दिवे लावावे लागले होते. आपल्याकडे वीज सहसा पाऊस बरोबर घेऊन येते. तापलेल्या जमिनीवर समुद्राकडचा ओलावा चढतो, ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातात, आत बर्फाचे कण एकमेकांवर घासून वीज साठते, आणि ती पडते तेव्हा पाठोपाठ सरही कोसळते. म्हणून सह्याद्रीत वळीव हा वणव्याचा बाप नसतो. बहुतेक वेळा तोच त्याला विझवतो.

पण त्याच्या आधी वारा येतो, हे आम्ही विसरलो होतो. ढगातून पडणारी सर वाटेतच हवा गार करते, ती जड हवा खाली आदळते आणि जमिनीवरून चारही दिशांना सुटते. पावणेचारला तो वारा वरून खाली आला. सकाळपासून वर वर जाणारी आग एका झटक्यात उलट फिरली. कड्याकडची जी बाजू आम्ही सोडून दिली होती, ती राखेतले निखारे उडवत धनगरवाड्याकडे निघाली. आम्ही धावलो. वाड्यातल्या बायका आधीच घागरी घेऊन बाहेर होत्या, दोघी छपरावर ओली पोती टाकत होत्या. घरं वाचली. गोठ्यामागची गवताची गंजी मात्र पेटली. वर्षभर जपलेली वैरण, सात-आठ मिनिटांत गेली. आणि मग टपोरे थेंब. मग गारा. मग असा पाऊस, की समोरचं माणूस दिसेना.

विजा डोक्यावर कडाडत होत्या. वाड्याच्या कडेला आंब्याचं एकच मोठं झाड होतं. एक पोरगा तिकडे पळायला लागला तशी म्हातारी त्याच्यावर अशी ओरडली, की तो जागीच थिजला. मागच्याच वर्षी शेजारच्या वाडीत आंब्याखाली बांधलेल्या दोन म्हशी गेल्या होत्या. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंदाला एक असे अंक मोजायचे, तीनाला साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर पक्क्या छपराखाली जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मी मामांच्या फोनवर टाकून दिलंय. वरच्या पठारावर रेंज नसते तेव्हा मोजणंच कामाला येतं.

पाऊस अर्ध्या तासात थांबला. आम्ही ओढ्याने खाली उतरलो. ओढा वाहत होता आणि पाणी काळं होतं. शाईसारखं नाही, जरा दाट, बुळबुळीत, वर फेस आणि जळक्या काड्यांचे थर. मी हात घातला. चिमटीत माती आली. गवताची मुळं असती तर हा पाऊस डोंगरात मुरला असता आणि मे महिन्यात झऱ्याला पाणी राहिलं असतं. आता मुळांनी धरलेली मातीच पाण्याबरोबर धरणाकडे निघाली होती. मामा काठावर उभे राहून बघत होते. काही बोलले नाहीत.

गावाजवळच्या देवराईपाशी आलो तेव्हा पहिल्यांदा श्वास मोकळा झाला. आत आग शिरली नव्हती. तिथे सावलीत गवत उगवत नाही आणि पाचोळा खालून ओला असतो. पण कडेची झाडं होरपळली होती. दरवर्षी कडेची एक ओळ अशी जाते. देवीच्या नावाने आतली फांदी तोडायला कुणी धजत नाही, मग काडी टाकताना ती देवी कुठे जाते?

त्यानंतर काय बदललं? थोडंफार. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांवरून आगीचे ठिपके टिपते आणि वन खात्याला फोनवर संदेश जातात. आता वापरात असलेल्या एका उपकरणाचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ३७५ मीटर. पण तो उपग्रह दिवसातून ठरलेल्या वेळीच वरून जातो. मधल्या वेळी पेटलेलं पहिल्यांदा दिसतं ते आमच्या मामीलाच, मागच्या दारातून. म्हणून गावात पोरांनी एक यादी केली आहे, कुणी कुणाला फोन करायचा त्याची. वन खात्याचा १९२६ हा नंबर पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर रंगवला आहे. २०२५ साली मे महिनाभर वळीव कोसळला, २६ मेला तर मुंबईत मोसमी पाऊस पोचला. सगळे म्हणाले, यंदा डोंगर वाचला. वाचला नव्हता. मार्चमध्येच निम्मा उतार जळून गेला होता.

यंदा जानेवारीत मी सुट्टी काढून गेले ती जाळरेषेसाठी. गावच्या आणि रानाच्या मधे गवत कापून पट्टा मोकळा करायचा आणि ते कापलेलं गवत तिथेच, आपल्या नजरेसमोर, आधीच जाळून टाकायचं, म्हणजे पुढे आग आली तरी तिला खायला काही उरत नाही. तीन दिवस कापणी चालली. मामा आता सत्तरीला आलेत, तरी विळा घेऊन ओळीत होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी, वारा पडल्यावर, पंधरा-सोळा जण डहाळ्या घेऊन दोन्ही कडांना उभे राहिले. वनरक्षकाने चिमूटभर माती उधळून वाऱ्याचा अंदाज घेतला आणि मान हलवली.

मामांनी कोपरीच्या खिशातून काडेपेटी काढली आणि माझ्या हातात दिली.

पहिली काडी विझली. दुसरीने गवत धरलं. दहा मिनिटांत पट्ट्यावरून ठेंगणा जाळ सरकायला लागला, आणि तेवढ्यात मामांचा फोन वाजला. मामी होती. खालून, मागच्या दारातून तिला रेघ दिसली असणार.

“वर लागलाय का ओ?”

“लागला न्हाय,” मामा म्हणाले. “आमी लावलाय. हुभं हाय समदे.”

माझ्या बाजूला एक ठिणगी कडेच्या गवतात पडली होती. मी डहाळी तिच्यावर दाबली आणि धूर संपेपर्यंत तशीच दाबून धरली.